कोबीचा पिंप

मंगळवारी तिने रातकिडा नाकारला.
बोगुमिलने तो चिमट्यात धरून बराच वेळ हलवला,
मग नको तर नको म्हणत डब्याचं झाकण लावलं.

बुधवारी पाणी मात्र प्यायली, पानांवरून थेंब थेंब,
एवढ्याशा जिवाला केवढी तहान.
त्याने वहीत लिहिलं. क्रेनवर असताना ठेवायचा तशीच वही :
वारा, वेळ, वजन.
श्लिव्का, एकशे छत्तीस ग्रॅम.
मागच्या रविवारपेक्षा नऊ जास्त, उपाशी असून.

हिरवा रंग तर आधीच गेला होता.
आता अंगभर काळोख, त्यात निळे ठिपके, पिवळे ठिपके,
ग्दिन्याच्या धक्क्यावर संध्याकाळी चारलाच दिवे लागतात तसे.
सरड्यासारखा रंग बदलला, असं कुणाबद्दल म्हणताना
आपण कधी विचारलेलं नसतं, का बदलला.

गुरुवारी ती खाली उतरली.
दोन वर्षांत जिने फांदी सोडली नव्हती
ती पिंजऱ्याच्या तळाशी कोपरे धुंडाळत होती,
नखांनी प्लास्टिक खरवडत,
पोटात गोट्यांची पिशवी घेऊन.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत,
आणि तिथून पुन्हा
दुसऱ्या कुंपणापर्यंत.

फोनवर डॉक्टर वांदा म्हणाल्या, अंडी आहेत.
नाही, नर लागत नाही त्याला.
खोल भांडं द्या, ओली वाळू. बोट खुपसून पाहा,
बीळ ढासळता कामा नये.
दिवसा डोळे मिटून बसली तर तशीच उचलून आणा.
आणि बघू नका.
कुणी बघतंय असं वाटलं तर खड्डा अर्धवट सोडेल,
अंडी पोटातच धरून ठेवेल,
त्यानेच जाईल.

वाळू समुद्रावर फुकट, पण खारी.
न्हाणीघरातल्या टबात त्याने ती सात वेळा धुतली,
फेब्रुवारीत, बोटं बधिर होईतो,
दर वेळी जिभेवर ठेवून पाहिली.
कोबी आंबवायचा निळा पिंप रिकामाच होता,
बोझेनाच्या मागे कुणी कोबी घातला नव्हता.
सोड्याने घासला. वास जरासा राहिलाच.

मग पिंजऱ्यावर चादर.

पस्तीस वर्षं तो जमिनीपासून चाळीस मीटरवर
काचेच्या खोलीत बसून खाली बघत आला :
कंटेनर, दोर, माणसांच्या टोप्या.
बघण्याचाच पगार होता.
आता स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून,
चहा गार होऊ देत, तो ऐकत होता.
खर्र. थांबली.
खर्र खर्र.
एक खड्डा सोडला. दुसरा सोडला.
तिसऱ्याचा आवाज हळूहळू दबत गेला,
त्यावरून किती खोल गेली ते कळत होतं.

यागोदाच्या वेळीही असंच.
तेव्हा बापांना प्रसूतिगृहात सोडत नसत.
खाली फुटपाथवर बर्फात उभं राहायचं,
तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याशा खिडकीत
कुणीतरी गाठोडं उचलून धरायचं.
त्याने दोन्ही हात हलवले होते.
पुढे कैक वर्षं बोझेना पाहुण्यांना सांगायची,
ती खिडकी आमची नव्हतीच.

शनिवारी दुपारी सगळं थांबलं.
बराच वेळ काही नाही.
मग निराळा आवाज, वाळू ओढल्याचा, दाबल्याचा,
अंगाई न म्हणता थोपटावं तसा.
रात्रीपर्यंत त्याने चादर उचलली नाही.

ती फांदीवर होती. कातडी सैल, पोट आत गेलेलं,
नाकावर वाळू.
एक डोळा पाण्याकडे, दुसरा त्याच्याकडे.
आधी पाणी. मग रातकिडा,
जीभ अशी सुटली की चिमटा हादरला.
पिंपातली वाळू वरून सपाट होती,
इतकी, की काट्यावर नव्याण्णव भरले नसते
तर म्हणाला असता, काही झालंच नाही.

जुन्या चमच्याने उकरून मोजली. पांढरी, मऊ.
त्यातून काही निघणार नव्हतं, हे ठाऊक होतं,
तरी एकेक अंडं तळहातावर घेतलं.
वहीत आकडा लिहिला, खाली रेघ ओढली,
आणि बर्गेनला फोन लावला.
झोपेतला आवाज : किती वाजलेत, बाबा?

सत्तावीस, तो म्हणाला.